ज्याच्या अंगावर शाल

निघायच्या दिवशी दुपारी गल्लीतल्या मंडळाने माझा सत्कार केला. मुंबईला नेणारी टॅक्सी चौकात उभी होती, डिकी उघडी होती आणि आई आतून आणखी एक पिशवी घेऊन येत होती. तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष चार-पाच जणांना घेऊन आले. शाळेपासून मला 'ए ढापण्या' अशी हाक मारणारा हा माणूस त्या दिवशी मला 'आपल्या प्रभागाचे सुपुत्र' म्हणाला. खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला. मी नाशिकच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. असल्या सत्कारांच्या बातम्या कापून कॉलमात बसवणं हे माझं रोजचं काम होतं. आता आपलीच तशी बातमी झाली, एवढं मनात आलं.

बाबा डिकीपाशी बॅगा बसवत होते. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कुठे काय मावेल याचा त्यांना चटकन अंदाज येतो. त्यांनी सत्काराकडे पाहिलं नाही. मंडळी गेल्यावर एवढंच म्हणाले, "घरच्या माणसाला शाल घालतात का रे कुठे?"

आईने नारळ माझ्या हातातून काढून घेतला. "उगाच वजन. राहू दे इथे, चटणीला होईल."

मग टॅक्सी निघाली.

बाबांचं वाक्य मी नेहमीची कुरकुर म्हणून सोडून दिलं होतं. ते पुन्हा आठवलं बऱ्याच वर्षांनी, लंडनमध्ये, एका कोलंबियन गायिकेच्या गाण्याची मालकी कुणाची हा वाद चालू असताना.

माझी बायको मेधा माझ्याआधी इथे आली होती. फायनान्समधली नोकरी तिची, व्हिसाही तिचाच. मी तिचा 'डिपेंडंट'. हॅरोला एका फार्मसीच्या वर फ्लॅट मिळाला होता. नाशिकच्या ऑफिसात लोक माझ्या टेबलाच्या कडेवर बसून भांडत असत. इथे मेट्रोपॉलिटन लाइनवर रोज समोर बसणारा माणूस ओळख दाखवत नाही, आणि त्याला राग आलेला नसतो. इथे आलेल्यांना हे सांगायला नको. तिथे राहिलेल्यांना सांगून पटत नाही.

काही महिन्यांनी वॉटफर्डला नोकरी लागली. संगीताच्या धंद्यातल्या बातम्या देणारं एक छोटं ऑनलाइन वार्तापत्र होतं. वाचक म्हणजे वकील, हिशेबनीस आणि रेकॉर्ड कंपन्यांतले लोक. गाण्यावर त्यात फारसं काही नसे, गाण्यातून येणाऱ्या पैशावर असे. लॅटिन पॉप हा विभाग माझ्याकडे आला, कारण तो दुसऱ्या कुणाला नको होता. मला स्पॅनिश येत नाही ही अडचण संपादकांना मोठी वाटली नाही. आई नाशिकला शेजारणींना सांगे, "तो आता म्युझिक लाइनमध्ये आहे." बाबा विचारत, "म्हणजे नक्की काय करतोस?"

मी नक्की काय करत होतो ते असं. एखादं गाणं स्ट्रीम झालं की त्याचे पैसे बऱ्याच वाटांनी जातात. सगळ्यात मोठा वाटा ध्वनिमुद्रणाच्या मालकाला मिळतो. मालक बहुधा कंपनी असते. गाणाऱ्याला कंपनीशी झालेल्या करारातून हिस्सा मिळतो, आणि आधी घेतलेला अॅडव्हान्स फिटेपर्यंत तोही हातात येत नाही. लॅटिन पॉप जगभर वाजायला लागलं तसे हे वाद वाढले. आपण गायलेलं गाणं आपलं नाही, हे बऱ्याच गायकांना ते गाणं गाजल्यावरच कळत होतं. मी त्याच्या बातम्या दोन्ही बाजू देऊन, विशेषणं काढून लिहीत असे. नाशिकला शिकलेली ही एक गोष्ट इथे जशीच्या तशी चालली.

शनिवार-रविवार पथकात जात असे. हॅरोत ढोल-ताशा पथक आहे हे नाशिकच्या माणसाला पटवून देणं कठीण आहे. त्यातले ढोल नाशिकहून जहाजाने आलेले आहेत, हे त्याहून कठीण. शिरीषकाकांनी पथक उभं केलं. काका हाउन्सलोला राहतात, विमानतळावर कार्गोमध्ये काम करून निवृत्त झाले. पथकाचे नियम त्यांनी घातले आणि आजवर कुणी बदललेले नाहीत. वाद्य देवाचं, त्याची बिदागी घ्यायची नाही. पायात चप्पल घालून ढोलाजवळ यायचं नाही. नव्या माणसाने आधी हॉल झाडायचा, टिपरू नंतर हातात मिळेल. मला ढोल जमला नाही. शेजाऱ्यांच्या तक्रारींना उत्तर देणं, कौन्सिलची परवानगी काढणं आणि कानात घालायचे बोळे वाटणं ही कामं माझ्याकडे आली. हॉलची एक किल्लीही आली. ती अजून माझ्याकडे आहे.

येसेनियाला पथकात आणलं अनयाने. अनया काकांची नात. जन्म इथला, शाळा इथली, नोकरी हीथ्रोजवळच्या एका लॉजिस्टिक्स कंपनीत. येसेनिया तिथेच शिफ्टमध्ये काम करायची आणि शनिवारी दक्षिण लंडनमधल्या लॅटिन क्लबांत गायची. लहानपणी आईबरोबर कोलंबियाहून आलेली. आई अजूनही ऑफिसांची साफसफाई करते. अनयाच्या फोनवर तिने आमच्या सरावाचा व्हिडिओ पाहिला आणि तो परत परत लावायला सांगितला.

"आजोबा, ती माझा खूप क्लोज फ्रेंड आहे," अनया म्हणाली. "तिला ढोल पाहिजे. तिच्या गाण्यामध्ये."

"माझी म्हण गं," तिची आजी, म्हणजे कुसुमकाकू, म्हणाल्या.

"तेच. माझी फ्रेंड."

काकांनी विचारलं, "कुठल्या देवाचं गाणं आहे?"

"देव नाही आजोबा. एक्स-बॉयफ्रेंडचं आहे."

कुसुमकाकू चहा गाळत होत्या, त्यांनी वर न बघताच निकाल दिला. "म्हणजे संकटाचंच आहे की. वाजवा."

पुढच्या रविवारी येसेनिया हॉलवर आली. काकांनी नियमाप्रमाणे तिच्या हातात झाडू दिला. तिने कशासाठी म्हणून विचारलं नाही. हॉल झाडून झाल्यावर ती ताशाच्या समोर जमिनीवर बसली आणि गुडघ्यावर बोटांनी तिच्या गाण्याचा ठेका धरून बघू लागली. बसायला अडखळत होता, मग एकदम बसला. ताशा वाजवणारा हसला. काकूंनी त्याच दिवशी तिचं नाव यशोदा ठेवलं, आणि तासाभरात त्याचं यशू झालं. नंतरचे बरेच रविवार ती येत राहिली. स्टेजमागे ढोल कुठे ठेवायचे हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत झालं.

ढोल स्टुडिओत मावले नसते, म्हणून ध्वनिमुद्रण आमच्याच हॉलमध्ये करायचं ठरलं. हॉल तिने स्वतःच्या नावावर बुक केला. मित्राकडून माइक आणले, ते लावायला तोच मित्र आला. पथकाने कधी यायचं, कुणी कुठे उभं राहायचं, गाड्या कुठे लावायच्या, हे सगळं तिने पाहिलं. तिने मानधनाचं विचारलं तेव्हा काका म्हणाले, "देवाच्या वाद्याचे पैसे घेत नाही, बेटा." मी काकांना बाजूला घेऊन म्हटलं की पैसे नकोत तर नकोत, पण कुणी कुणासाठी वाजवलं एवढं तरी कुठेतरी लिहून ठेवू. काका म्हणाले, "तू पेपरवाला. तुला जिकडेतिकडे कागदच दिसणार."

दुपारी एड्रियन आला. ज्या रेकॉर्ड कंपनीला येसेनियाशी करार करायचा होता, त्या कंपनीचा हा माणूस. अंगात जॅकेट, हातात गाडीची किल्ली, चेहरा हसरा. तिचं काम कसं चालतं ते बघायला तो आला होता.

यापुढे जे झालं ते आपल्या माणसांकडूनच होऊ शकतं. जॅकेट घातलेला अनोळखी माणूस दारात दिसल्याबरोबर काकांनी त्याला पुढे नेलं. कुणीतरी खुर्ची सरकवली. पथकाच्या कपाटात शाली कायम असतात, त्यातली एक बाहेर आली. काकांनी ती एड्रियनच्या खांद्यावर घातली, हातात नारळ दिला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एड्रियनने नारळ दोन्ही हातांनी तान्हं बाळ धरावं तसा धरला. फोटो निघाला. येसेनिया त्या वेळी किचनमध्ये सगळ्यांसाठी चहा करत होती. संध्याकाळी अनयाने पथकाच्या पेजवर तो फोटो टाकला आणि खाली इंग्रजीत लिहिलं की हे सगळं घडवून आणल्याबद्दल एड्रियनचे मनापासून आभार. या देशात लोक बसमधून उतरताना ड्रायव्हरलाही थँक यू म्हणतात. तिने तेवढ्याच अर्थाने लिहिलं होतं.

गाणं आलं आणि चाललं. आधी लॅटिन क्लबांत, मग जिममध्ये, मग वॉटफर्डच्या शॉपिंग सेंटरमध्ये मी ते ऐकलं. आईने नाशिकहून एका लग्नाची क्लिप पाठवली. हळदीला त्या गाण्यावर नाच चालला होता. खाली तिने लिहिलं होतं, 'बघ, आपल्या नाशिक ढोलावर परदेशी बाई गाते.' तो ढोल हॅरोत वाजवलेला आहे, हे मी तिला कळवलं. तिचं उत्तर आलं, 'असू दे, ढोल आपलाच ना.'

येसेनियाने ध्वनिमुद्रणानंतर कंपनीशी करार केला होता. पुढच्या सगळ्या गाण्यांची मालकी कंपनीकडे जाणार होती, ते तिला मान्य होतं. हे गाणं करारात नव्हतं. ते गाजल्यावर कंपनीने कळवलं की हेही आमचंच आहे, कारण ते रेकॉर्ड करण्याची व्यवस्था आमच्या माणसाने केली होती. इथला कायदा ढोबळमानाने असा आहे की ध्वनिमुद्रण करण्यासाठी लागणारी व्यवस्था ज्याने केली, तो त्याचा पहिला मालक. पुरावा म्हणून कंपनीच्या वकिलाने पथकाच्या पेजवरचा फोटो जोडला. त्याचं म्हणणं होतं, वादकांनी स्वतःच आमच्या प्रतिनिधीचा समारंभपूर्वक सन्मान केला आहे आणि हे घडवून आणल्याबद्दल जाहीर आभार मानले आहेत. आयोजक कोण याबद्दल वादकांच्या मनात तरी शंका नव्हती.

मी संपादकांना सांगितलं की या बातमीतल्या लोकांना मी ओळखतो, तेव्हा ती माझ्याकडे नको. ती दुसऱ्या कुणीतरी थोडक्यात लिहिली. बरोबर लिहिली होती. आमच्या पथकाच्या वाट्याला त्यात 'कम्युनिटी ड्रमर्स' एवढे दोनच शब्द आले होते.

येसेनिया त्या रविवारी नेहमीसारखी आली. तिच्याशी कसं बोलावं ते कुणाला कळेना. झाडू कपाटाला टेकवून ती म्हणाली, "बाकीची गाणी त्यांची. मी सही केली आहे, मी तक्रार करत नाही. हे माझं आहे. हे मी केलंय." ती इंग्रजीत बोलली, पण काकूंना अनयाने भाषांतर करून द्यावं लागलं नाही.

पथकातल्या दोघा-तिघांचं म्हणणं वेगळं होतं. गाणं जगभर वाजतंय तर आपल्यालाही काही मिळायला हवं, असं ते म्हणत होते, आणि इथल्या कायद्यात वादकाला हक्क असतात हे खरं आहे. काकांनी तो विषय एका वाक्यात मिटवला. "आपल्याला नारळ पोचला." तो काही पोचला नव्हता, एड्रियन घेऊन गेला होता, पण हे बोलून दाखवायची ती वेळ नव्हती. काकांना लागलं होतं ते दुसरंच. आपण घातलेल्या शालीने या पोरीचं गाणं गेलं, असं त्यांनी मनात धरलं होतं. ते सरावाला येत, खुर्चीवर बसत आणि ठेका चुकला तरी कुणाला काही बोलत नसत.

येसेनियाच्या वकिलाला काकांचा जबाब हवा होता. वकील म्हणजे एक तरुण बाई, व्हिडिओ कॉलवर. काकांच्या हाउन्सलोच्या घरी अनयाने लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि काकांनी मला शेजारी बसवलं. "तू पेपरवाला. मी काही चुकीचं बोललो तर थांबव."

सुरुवात चांगली झाली नाही. वकीलबाईंनी विचारलं, तुम्हाला वाजवायला कुणी बोलावलं होतं? काका इंग्रजीत म्हणाले, कुणी नाही, आम्ही प्रेमाने वाजवलं. पैसे कुणी दिले? कुणी नाही. काही लिहून घेतलं होतं का? काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि नाही म्हणाले. मग बाईंनी फोटो पडद्यावर आणला.

"हे गृहस्थ इथे कशासाठी होते?"

"ते? ते गेस्ट."

"पाहुणे म्हणजे? कार्यक्रम त्यांचा नव्हता?"

"नाही नाही मॅडम. त्यांचा कसा असेल? ही शाल आहे ना त्यांच्या अंगावर."

बाईंनी फोटो मोठा करून पाहिला. "मला समजलं नाही. शाल घालून तुम्ही त्यांचा सन्मान केला आहे."

"येस."

"मग त्यांनीच हे आयोजित केलं असणार."

काकूंना हे सहन झालं नाही. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. तिथूनच त्या मराठीत कडाडल्या, "अहो, सांगा ना तिला नीट! यजमानाला कोण शाल घालतं? शाल आलेल्याला घालतात. घरच्याच्या हातात झाडू असतो!"

मला टॅक्सी आठवली, डिकीत वाकलेली बाबांची पाठ आठवली आणि त्यांचं वाक्य आठवलं.

काकूंचं म्हणणं मी वकीलबाईंना इंग्रजीत सांगितलं. विशेषणं काढून, बातमी सांगावी तसं. आमच्याकडे सत्कार पाहुण्याचा होतो. कार्यक्रम ज्याचा असतो तो सत्कार करतो किंवा करवतो. त्याला कुणी शाल घालत नाही, कारण तो घरचा. तो चहा करतो, सतरंज्या घालतो, शेवटी दिवे बंद करून कुलूप लावतो. एड्रियनच्या अंगावर शाल आहे, एवढ्यावरूनच कळतं की त्याने काही केलेलं नव्हतं.

"याला काही आधार देता येईल?" बाईंनी विचारलं. "म्हणजे, हे नेहमी असंच होतं हे दाखवता येईल?"

अनया पहिल्यांदाच बोलली. "गणपतीचे सगळे फोटो आहेत ना आपल्या पेजवर. एव्हरी सिंगल इयर."

तिने ते दाखवले. शाल आणि नारळ घेतलेले महापौर. शाल आणि नारळ घेतलेले दोन्ही पक्षांचे कौन्सिलर. बँकेचे मॅनेजर, शेजारच्या चर्चचे पाद्री, वॉटफर्डचे एक दंतवैद्य. पथकाच्या इतिहासात ज्याच्या ज्याच्या अंगावर शाल पडली, त्या माणसाने त्या कार्यक्रमासाठी खुर्चीही हलवलेली नव्हती. उलट काकांच्या अंगावर एकाही फोटोत शाल नव्हती. काकू तर एकाही फोटोत नव्हत्या.

वकीलबाई हसल्या नाहीत. त्या लिहून घेत होत्या. मग म्हणाल्या, "आणि त्या दिवशी कुलूप कुणी लावलं?"

"यशूने," काकू म्हणाल्या. "याच्याकडून किल्ली घेतली आणि लावलं. मी होते तिथे."

मी किल्ली दिली होती, हे खरं होतं. माझाही जबाब झाला.

पुढे ते प्रकरण कोर्टात उभं राहिलं नाही. काही महिन्यांनी दोन्ही बाजूंचे वकील बसले आणि कंपनीने त्या एका गाण्यावरचा दावा सोडला. बाकीची गाणी कंपनीकडे राहिली. कराराची मुदत तशीच राहिली. याबद्दल कुणी जाहीरपणे बोलायचं नाही असं ठरल्यामुळे मी इथे गाण्याचं आणि कंपनीचं नाव देत नाही, आणि माणसांची दिलेली नावं खरी नाहीत. शालीने वाद सुटला असं मी लिहिणार नाही. हॉलचं बुकिंग, माइक आणणाऱ्या मित्राचा जबाब, अशा इतर गोष्टीही होत्या. जबाब गेल्यानंतर कंपनीच्या पत्रांत त्या फोटोचा उल्लेख परत आला नाही, एवढं वकीलबाईंनी सांगितलं. मला तेवढंच माहीत आहे.

बातमी कळल्यावर काका साउथॉलला जाऊन एक भारी शाल घेऊन आले. काठाची. येसेनियाचा सत्कार करायचा, सगळ्या पथकासमोर करायचा, असं त्यांनी जाहीर केलं. काकूंनी शाल हातात घेऊन पोत बघितला, घडी घातली आणि परत पिशवीत ठेवली.

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? एवढं सगळं झालं आणि आता पोरीला पाहुणी करता?"

काकांनी पिशवी उचलून कोपऱ्यात ठेवली. मग त्यांना बऱ्याच दिवसांनी हसू आलं.

रविवारी येसेनिया आली तेव्हा सगळे नेहमीसारखे ढोल बांधत होते. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काकू म्हणाल्या, "यशू, स्टेजमागे कचरा राहिलाय बघ." ती "हो काकू" म्हणाली आणि झाडू घेऊन गेली. स्टेजमागून मध्येच झाडण्याचा आवाज थांबला. बराच वेळ थांबला. मग परत सुरू झाला. त्या दिवशी ठेका चुकल्यावर काका ताशावाल्यावर ओरडले.

ती शाल कपाटात आहे. येत्या गणपतीत ती कुणा तरी कौन्सिलरला जाईल.

मागच्या खेपेला मी नाशिकला गेलो तेव्हा मंडळाने परत माझा सत्कार केला. अध्यक्ष आता दुसरे आहेत, आणि ते मला ओळखत नव्हते. त्यांनी माझं नाव कागदावरून वाचलं. मी पुढच्या खुर्चीवर बसलो, समोर पाण्याची बाटली होती. शाल आली, नारळ आला. हॅरोत इतक्या वर्षांत माझा एकदाही सत्कार झालेला नाही, हे मला त्या खुर्चीवर बसल्यावर लक्षात आलं.

घरी आईने शोकेसमधले कप काढले होते. वहिनी मुलांना दबक्या आवाजात सांगत होती, काका झोपलेत, गोंधळ करू नका. घरात पूजा होती, तिला दादा-वहिनी बसले होते. प्रसाद पहिल्यांदा माझ्यापुढे आला. मी टॉवेल शोधायला कपाट उघडलं तर तीन जण विचारायला आले, काय हवंय? हे सगळं प्रेमाने चाललं होतं आणि कुणाचं काही चुकत नव्हतं. तुमच्यापैकी जे बाहेर गेलेत त्यांच्या घरीही असंच होत असेल. जे तिथे राहिलेत त्यांना हे वाचून वाटेल, याचं एवढं करूनही याला बोचतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर वाचत बसलो होतो. बाबा काठी टेकत आले, समोर गव्हाचा डबा ठेवला.

"बसलास काय? दळण घेऊन ये."

"बाबा, मी जातो," दादा म्हणाला. "तो कालच आलाय."

"त्याला रस्ता माहीत आहे."

रस्ता माहीत होता, गिरणी तीच होती. गिरणीवाला नवा होता. त्याने डबा तोलून घेतला आणि विचारलं, "कोणाकडे आलात?" मी बाबांचं आडनाव सांगितलं. म्हणजे पाहुणा जसं उत्तर देतो तसंच दिलं. तो म्हणाला, "हां, त्यांचं बारीक लागतं." मी म्हटलं, "हो, बारीक." गिरणीच्या आवाजात त्याने ते ऐकलं की नाही, कोण जाणे.

घरी आलो तेव्हा बाबा दारातच खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, चिमूटभर गरम पीठ घेतलं आणि अंगठ्याने बोटांवर घासून पाहिलं.

"जाड आलंय. परत घेऊन जा."

"अहो, असू द्या आता," आई आतून म्हणाली. "एवढ्या लांबून आलाय तो."

"म्हणून जाड पोळ्या खायच्या का?"

पाहुण्याने आणलेलं पीठ कुणी परत पाठवत नाही. मी झाकण लावलं, डबा खांद्यावर घेतला आणि परत गिरणीकडे निघालो.